मुलींच्या पँटचा खिसा आणि आठवीतल्या एका पोराचे केस : सोलापूरच्या मुख्याध्यापकांना खुले पत्र

प्रति,
सोलापुरातल्या शाळांचे मुख्याध्यापक, व्यवस्थापन समित्यांचे सदस्य आणि पीटीचे सर यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातले बरेच जण मला चेहऱ्यानं ओळखता. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिशवीत शर्ट-पँटचे सँपल घेऊन ऑफिसबाहेरच्या बाकावर बसलेला असतो, तो मी. कटिंग मास्टर. 31 वर्षं कात्री चालवतोय. आमच्या पूर्व भागात वडिलांच्या पिढीनं माग चालवले, आमच्या पिढीतले पुष्कळ जण युनिफॉर्मकडे वळले. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी, कापडवाल्या शेठशी हिंदी आणि गिऱ्हाईक अक्कलकोटकडचं असलं तर चार शब्द कन्नड, असा आमचा कारभार. एरवी मी कोटेशनपलीकडे काही लिहीत नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

लिहायची वेळ आली ती एका खिशामुळे.

यंदा एका शाळेत समितीपुढे सँपल मांडले. चौकड्याचा निळा गडद हवा का फिका, यावर पाऊण तास चर्चा झाली. दोन वेळा चहा आला. मुलींच्या पँटला मी या वेळी दोन्ही बाजूंना खिसे ठेवले होते. एका सदस्यांनी त्यात हात घालून बघितला आणि म्हणाले, "मास्तर, मुलींना खिसा कशाला?" मी म्हटलं, "रुमालाला, रिक्षाच्या पैशाला, पेनाच्या टोपणाला." तेवढ्यात एक बाई, स्वतः शिक्षिका, म्हणाल्या, "नको हो. खिशात हात घालून मुलांसारख्या उभ्या राहतात." झालं. खिसा रद्द. मिनिटसुद्धा लागलं नाही.

गाडीवरून परत येताना अशोक चौकापर्यंत तोच शब्द डोक्यात वाजत होता. मुलांसारख्या. कारण त्याच्या तीन महिने आधी माझ्या भाच्याचे केस शाळेत कापले होते, ते 'मुलींसारखे' दिसतात म्हणून.

आता इथं थोडं सविस्तर सांगतो. भाचा आठवीत आहे. शाळा कुठली ते लिहिणार नाही, आणि कुणी ओळखली तरी बोलू नका. मला कुणाची नोकरी घालवायची नाही. पोराचे केस मानेवर रुळतील एवढे वाढले होते. नियमात बसत नव्हते हे मान्य. परिपाठ संपल्यावर पीटीच्या सरांनी त्याला पुढं बोलावलं, हस्तकलेच्या कपाटातली कात्री मागवली आणि डाव्या कानावरचा एक घास, उजव्या कानावरचा एक घास, असे दोन घास काढले. पूर्ण कापले नाहीत. दोनच, म्हणजे दिवसभर तसंच फिरावं लागेल. "आता दिसतोय बघा बाप्या," असं म्हणाले आणि सगळे वर्गात गेले.

संध्याकाळी बहीण त्याला घेऊन माझ्याकडे कारखान्यात आली, कारण सलूनमध्ये जायला तो तयार नव्हता. मी कात्रीचा माणूस, मला बघितल्याबरोबर कळलं. ती कागद कापायची बोथट कात्री होती. केस कापले गेले नव्हते, चावले गेले होते. त्याला कटिंग टेबलावर बसवलं, गळ्याभोवती पॉपलिनचा तुकडा गुंडाळला आणि जमेल तसे सारखे केले. खाली निळ्या चिंध्यांत काळे केस पडत होते. काय बोलावं सुचेना म्हणून विचारलं, "दुखलं का रे?" तर म्हणाला, "कात्री नाही दुखली मामा. पुढच्या रांगेतली पोरं मोजत होती, किती पडले ते."

पुढं तीन आठवडे तो शाळेत गेला नाही. माझ्याकडे येऊन काज-बटणाच्या मशीनजवळ बसायचा. या पोराबद्दल तुम्हाला काय सांगू? मेंदी अशी काढतो की गल्लीतल्या लग्नाला दोन दिवस आधीपासून त्याला बोलावणं असतं. त्याच हातानं कबड्डीत चढाईला गेला की बोनस घेऊन परत येतो. आवाज अजून फुटलेला नाही. बोलताना हात फार हलतात. चालतो जरा नाचल्यासारखा. एवढंच. एवढ्यावरून वर्गात त्याची चार नावं पडली आहेत, ती मी इथं लिहीत नाही, तुम्हाला तोंडपाठ असतील.

एक दिवस मीच धीर करून विचारलं. आमच्या पिढीला असले प्रश्न विचारायची सवय नाही, त्यामुळे सुईत दोरा ओवत ओवत, त्याच्याकडे न बघता विचारलं, "तुला मुलगी व्हावंसं वाटतं का रे?" तो म्हणाला, "नाही." मग म्हणाला, "पण सर म्हणतात तसला मुलगा पण नाही व्हायचं." "मग काय?" तर तेलुगूत म्हणाला, "नेनु नेने." म्हणजे मी मीच. मी विचारलं, "मग तुला तो म्हणू का आणि काही?" म्हणाला, "तो चालेल. सध्या."

त्या 'सध्या'नं मी दोन दिवस झोपलो नाही. नंतर वाटलं, बरोबर आहे की. तेरा वर्षांच्या पोरानं कायमचं कशाबद्दल सांगावं? आपण त्याला दहावीनंतरची साईडसुद्धा अजून विचारलेली नाही.

त्या 'नेनु नेने'वरून मला एक गोष्ट सुचली, ती तुमच्या मराठीच्या बाईंना आवडेल. आमच्या तेलुगूत 'मी चाललो' म्हणायचं तर 'नेनु पोतुन्ना'. पोरगा म्हणो, पोरगी म्हणो, शब्द एकच. कन्नडमध्येही 'ना होगतीनि', तिथंही तेच. 'मी' म्हणणारा बाई आहे का बाप्या हे क्रियापद सांगतच नाही. मराठीत मात्र तोंड उघडलं की हजेरी द्यावी लागते : जातो का जाते, आलो का आले. कोल्हापूरकडच्या मुली बिनधास्त 'मी येतो' म्हणतात आणि त्यांचं काही बिघडत नाही, तो भाग वेगळा. तर आमच्या या तीन-चार भाषांच्या गावात कित्येक पोरं सकाळी घरातून निघेपर्यंत नुसती 'मी' असतात, आणि शाळेच्या फाटकात पाऊल ठेवलं की मुलगा नाहीतर मुलगी होतात. भाचा माझ्याशी मराठीत बोलतो तेव्हा मी लक्ष दिलं. तो 'मी जातो' म्हणत नाही, 'मला जायचंय' म्हणतो. 'मी जेवलो' म्हणत नाही, 'मी भाकरी खाल्ली' म्हणतो. मराठीतली अशी चोरवाट त्यानं स्वतः शोधून काढली आहे. व्याकरणात त्याला किती मार्क पडतात ते मला माहीत नाही, पण याचे जादा द्यायला हवेत.

आता माझ्याबद्दल. तुम्हाला चार गोष्टी सांगायच्या तर आधी माझं झाकण उघडलं पाहिजे.

मी विशीत असताना एका कारखान्यात होतो. तिथं काज-बटणाला एक पोरगा होता, माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी लहान. हाताला इतका सफाईदार की त्याचं काज उलट बाजूनंही सारखंच दिसायचं. काम करताना गुणगुणायचा, डबा खाताना मांडी घालून आणि रुमाल पसरून बसायचा. आम्ही सात-आठ जण त्याला "ए बाई" म्हणायचो. हसायचा बिचारा. एका पगाराच्या दिवशी आम्ही त्याच्या डब्यात बांगड्या ठेवल्या. हिरव्या काचेच्या, सहा. कल्पना माझी नव्हती, पण पैसे मी दिले होते. त्यानं डबा उघडला. बांगड्या एकेक करून बाहेर काढल्या, मोजल्या, फुटली नाही ना ते उजेडात धरून बघितलं, रुमालात बांधल्या आणि म्हणाला, "आईला होतील." मग जेवला. दिवाळीनंतर तो कामावर आला नाही. भिवंडीला गेला म्हणाले कुणीतरी. तुमच्या पीटीच्या सरांवर मी रागावू शकत नाही ते यामुळे. त्यांच्या हातात कात्री होती, आमच्या हातात बांगड्या होत्या.

आणि बांगड्याच का? विचार करून बघा. 'बांगड्या भरल्यात का?' ही आपल्याकडं पुरुषाला द्यायची मोठी शिवी. मोर्चेवाले साहेबाच्या टेबलावर बांगड्या नेऊन ठेवतात, पेपरात फोटो येतो. हे आपण सोलापुरात करतो, जिथं हजारो घरांची चूल बांगड्या भरलेल्या हातांनी वळलेल्या विड्यांवर पेटली! माझी आई तेंदूपानं कापायची ती माझ्यापेक्षा वेगानं. कुंभारीला 10 हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी आहे, ती विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षं लढून मिळवलेली. बांगड्या घालून मिळवली. मग बांगडी म्हणजे भित्रेपणा, हे कुणी ठरवलं?

गंमत अशी की हा पायजमा एकाच बाजूनं उसवतो. मुलीला 'पोरगी नाही, मुलगाच आहे माझा' म्हटलं की बाप खुलतो. मुलाला 'पोरगी आहेस का?' म्हटलं की मारामारी. शेतात खुरपायला, ऊस तोडायला जाणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालतात. रोज बघतो आपण. कुणी नाव ठेवत नाही, पानं कापतात, ऊन लागतं, काम आहे. तिच्या नवऱ्यानं तिची ओढणी नुसती खांद्यावर टाकून चौकात येऊन दाखवावं! म्हणजे पुरुषपण ही चढायची पायरी आणि बाईपण ही उतरायची, असा हिशोब आपल्या डोक्यात पक्का आहे. पोरं तो हिशोब आपल्याकडूनच शिकतात. गणपतीत ढोल-ताशा पथकातल्या पोरांनी भिकबाळी घातली की ती मर्दानी. तोच कान, तेच भोक, भाच्यानं बारीक खडा घातला की तो बायकी. मला तरी यातलं गणित कळलेलं नाही.

माझ्या धंद्यातच बघा. घरात सुई-दोरा हातात घेतला की ते बायकांचं काम. तेच दुकानात, पैसे घेऊन केलं की 'मास्टर'. वडिलांच्या वेळी मागावर पुरुष आणि कांड्या भरायला बाई. कांडी नसेल तर माग काय हवेवर चालणार होता? पण विणकर म्हणायचे ते पुरुषालाच.

बटणांचं सांगायचं राहिलं. मुलांच्या शर्टाची काजपट्टी डावीकडे, मुलींच्या उजवीकडे. पुढचे दोन भाग अगदी तेच असतात, थरावर थर टाकून एकाच फर्म्यावर कापलेले. पट्टी कुठल्या बाजूला लावली, एवढ्यावरून ठरतं तो शर्ट मुलाचा का मुलीचा. काही वर्षांपूर्वी जूनच्या गर्दीत माझ्याकडून एक घोळ झाला. एका शाळेच्या मुलींच्या दोनशे शर्टांना काजं मुलांच्या बाजूनं पडली. लक्षात आलं तेव्हा माल पोहोचला होता. मी महिनाभर फोन वाजला की दचकायचो. वर्ष संपलं. एका मुलीची, एका आईची, एका बाईंची तक्रार आली नाही. दोनशे मुली वर्षभर मुलांच्या बाजूची बटणं लावून शाळेत गेल्या आणि सोलापूर जागच्या जागी राहिलं. (ती शाळा हे वाचत असेल तर क्षमा असावी. पुढच्या वर्षी मी नीट दिले होते.)

माझी मुलगी मानसशास्त्र शिकते. केसांचं प्रकरण झाल्यावर तिनं मला एक कागद आणून दिला. सँड्रा बेम नावाच्या अमेरिकेतल्या बाईंनी 1974 मध्ये तयार केलेली चाचणी. 60 गुण लिहिलेले, प्रत्येकासमोर आपण स्वतःला 1 ते 7 आकडा द्यायचा. 20 गुण समाज पुरुषाचे समजतो ते, 20 बाईचे समजतो ते, 20 कुणाचेच नाहीत असे. स्वावलंबी, आपल्या मतावर ठाम, हळुवार, दुसऱ्याला काय हवंय ते ओळखणारा, असे. जेवणाच्या सुट्टीत मी चॉकनंच आकडे टाकले. दोन्हीकडची बेरीज चांगली आली. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही अँड्रोजिनस निघालात." मी म्हटलं, "हळू बोल, कारागीर ऐकतील." ग्रीकमध्ये अँड्रोस म्हणजे पुरुष आणि गायनी म्हणजे स्त्री, त्यावरून तो शब्द. ज्याच्यात दोन्हीकडचं भरपूर आहे तो.

पण मला त्यातली आवडली ती मापाची गोष्ट. त्याआधी असं धरून चालायचे की पुरुषपण आणि बाईपण एकाच पट्टीची दोन टोकं. एकीकडे सरकलात की दुसरीकडून कमी झालात. बेमबाई म्हणाल्या, ही दोन वेगळी मापं आहेत. हे कुठल्याही शिंप्याला पटेल. छाती वाढली म्हणून उंची कमी होत नाही. पोरगा मेंदी छान काढतो म्हणून त्याच्या कबड्डीतला एक पॉइंट कुणी काढून घेत नाही. मुळात या गुणांवर बाईचा-पुरुषाचा शिक्का मारायचाच कशाला, हा प्रश्नही पुढं त्यांनीच उचलला म्हणे. तिथवर मी अजून पोहोचलो नाही, पोहोचेन.

मुलीनं आणखी एक समजावलं, ते तुमच्या कामाचं आहे. कपडे, केस, चाल, आवाज ही एक गोष्ट. आतून आपण स्वतःला काय समजतो, मुलगा, मुलगी, दोन्ही, यातलं काहीच नाही, ही दुसरी. मोठेपणी कुणावर जीव जडेल ही तिसरी. आपण या तिन्हीचं एकच बोचकं बांधतो आणि केस बघितले की बाकीचं सगळं ठरवून मोकळे होतो. केस वाढवणारा मुलगा पुढं ठणठणीत संसारी बाप्या होईल, किंवा एक दिवस येऊन सांगेल की मला मुलगी म्हणा, किंवा आयुष्यभर 'मी मीच' म्हणेल. सांगणार तो. आपण मापाची पट्टी घेऊन उभं राहायचं, आकडा तिकडून यायचा. गिऱ्हाईकाला विचारल्याशिवाय मी कंबरसुद्धा कापत नाही.

इथं कुणीतरी म्हणेल, हे बाहेरचं खूळ आहे, आपल्यात नव्हतं. बालगंधर्वांचं उदाहरण मी देणार नाही. ते तुम्हीच गॅदरिंगच्या भाषणात देता, आणि स्टेजवर शालू चालतो, रस्त्यावर चालत नाही, हे आपल्याला दोघांनाही माहीत आहे. पण आपल्याच जिल्ह्यात माळशिरस तालुक्यात वेळापूरला अर्धनारीनटेश्वराचं यादवकालीन देऊळ आहे. ज्ञानोबांची पालखी तिथं मुक्कामाला असते. ज्ञानोबा, म्हणजे पुरुष, त्यांना सगळा महाराष्ट्र माउली म्हणतो. मिशीवाले, फेटेवाले पैलवान गडी पंढरपुरात विटेवरच्या देवाला विठाई म्हणून हाक मारतात आणि वाळवंटात एकमेकांचे हात धरून फुगडी घालतात. गोपाळपूरला जनाबाईचं जातं दाखवतात. तिच्यासोबत देव दळायला बसला म्हणतात. जात्यावर बसल्यानं देवाचं काही कमी झालं असं कुठल्या कीर्तनात ऐकलं नाही मी.

म्हणून आपण फार चांगले आहोत असंही नाही. लहानपणी आमच्या दारात यल्लम्माचा जग, म्हणजे देवीची टोपली, डोक्यावर घेऊन साडीतला जोगता, देवीला सोडलेला पुरुष, यायचा. आई हळद-कुंकू वाहायची, सुपातून ज्वारी घालायची, आम्हाला पाया पडायला लावायची. त्याच जोगत्याला गल्लीत भाड्यानं खोली हवी होती तेव्हा एकालाही रिकामी खोली आठवली नाही. आमच्या घरालाही नाही. देवळापुरतं आपण सगळं मानतो.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या ऑफिसात कायद्याच्या भाषेला मान आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. त्याच्या कलम 17 प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा करता येत नाही आणि मानसिक छळही करता येत नाही. परिपाठासमोर दोन घास काढणं यातलं कोणतं, ते तुम्हीच ठरवा. मला दोन्ही वाटतात. सर्वोच्च न्यायालयानं 15 एप्रिल 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सांगितलं की आपलं लिंग काय हे ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचा आहे, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. कॉलेजांसाठी यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 2016 मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत लिंग, लैंगिक कल आणि दिसणं यावरून केलेला छळसुद्धा घातला. दिसणं! म्हणजे नववी ते बारावीची चार वर्षं ओलांडून पुढं गेलं की जो गुन्हा, तो आठवीत शिस्त म्हणून खपतो.

शिस्तीचा मुद्दा मला कळतो. माझा सगळा धंदा शिस्तीवर आहे, पोरं मनाला येईल ते घालून शाळेत यायला लागली तर मी जेवणार काय? केसांना तेल असावं, कंगवा फिरावा, डोळ्यांवर येऊ नयेत, नीट बांधावेत, हा नियम करा आणि कडक पाळा. पण तो सगळ्यांना एकच असू द्या. स्वच्छतेचं कारण सांगता, तर उवा काही मुलगा-मुलगी बघून चढत नाहीत. मुलींना दोन वेण्या चालतात तर मुलाची एक शेंडी मानेवर बांधलेली का चालू नये?

एकच गणवेश सगळ्यांना, असाही एक रस्ता आहे. केरळमध्ये एर्नाकुलम जिल्ह्यात वलयनचिरंगरा इथल्या सरकारी प्राथमिक शाळेनं मुलामुलींना सारखीच गुडघ्याखालपर्यंतची पँट आणि शर्ट दिला, त्याची खूप चर्चा झाली होती. चांगलं झालं, पोरींना पळता आलं. पण बघा, 'सगळ्यांना सारखं' म्हटलं की ते नेहमी मुलांचंच निघतं. सगळ्यांना फ्रॉक असं अजून कुणी म्हटलेलं नाही. मी ते सुचवत नाही, घाबरू नका. मी म्हणतो दोन नमुने ठेवा, रंग-चौकडा एकच, आणि फॉर्मवर 'मुलांसाठी', 'मुलींसाठी' न लिहिता नुसतं 'नमुना 1', 'नमुना 2' लिहा. ज्याला जो हवा तो घेईल. नव्वद टक्के पोरं नेहमीचाच घेतील, मला माहीत आहे, तुमची रांग कुठंही मोडणार नाही. उरलेल्यांना फॉर्म भरताना कुणाला काही सांगत बसावं लागणार नाही. माझ्या कारखान्याला यात जास्तीचं काही पडत नाही, फर्मे तेच आहेत.

आणि पीटीच्या सरांना एक वेगळी विनंती. तुमच्या शिट्टीत फार ताकद असते सर. पोरं आईबापाचं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात. 'बायल्या' हा शब्द मैदानावर ऐकू आला की नुसतं त्या पोराकडं वळून बघा. काही बोलू नका. तुमचं बघणं पुरतं. आमच्या त्या कारखान्यात सुपरवायझरनं एकदा तरी आमच्याकडं तसं बघितलं असतं, तर बांगड्यांचे पैसे माझ्या खिशातून निघाले नसते.

भाचा चौथ्या आठवड्यात परत शाळेत गेला. त्याच शाळेत. कुणी समजूत घातली म्हणून नाही, तालुका कबड्डीची निवड होती म्हणून. केस कापून गेला, स्वतःच्या मर्जीनं, घामात त्रास होतो म्हणाला. सीझन संपला की पुन्हा वाढवणार आहे. मी तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, म्हणजे कात्री मागवायच्या आधी फोन तरी कराल.

पुढच्या आठवड्यापासून मी पुन्हा सँपल घेऊन निघतोय. पिशवीत मुलींची खिसेवाली पँट असणार, रद्द झालेली तीच, इस्त्री करून. ज्या शाळेनं ती परत पाठवली तिथंही घेऊन येणार आहे. खिशाला कापड जास्त लागतं म्हणून नको, असं कुणी म्हणणार असेल तर तेही आत्ताच सांगतो : खिशाची पिशवी कटिंगमधल्या उरलेल्या तुकड्यांतून निघते. तिचे पैसे मी लावणार नाही.

आपला,
पूर्व भागातला एक कटिंग मास्टर,
सोलापूर